‘गेट’चा अर्थ त्याच्या उजवीकडे शोधा

देवबागहून एका ताईंनी प्रश्न विचारला आहे. त्या राहत्या घरातच पर्यटकांसाठी खोल्या चालवतात. जेवणखाण, बोट, रिक्षा सगळं स्वतः बघतात. इंग्रजी शाळेत झालं तेवढंच, तरी पाहुण्यांशी बोलताना त्यांचं काही अडत नाही. अडतं ते एका क्रियापदापाशी. एकाच कुटुंबाच्या तोंडून त्यांनी ऐकलेली वाक्यं अशी: ‘हाउ डू वी गेट टू द फोर्ट?’, ‘कॅन यू गेट अस अ बोट?’, ‘माय सन गॉट सीसिक’, ‘वी गॉट लॉस्ट ऑन द वे बॅक’, ‘वी गॉट टू सी डॉल्फिन्स’ आणि निघताना ‘गॉट इट, थँक्स’. शब्दकोशात ‘गेट’ म्हणजे मिळणे असं दिसलं. तो अर्थ एखाद्या वाक्यात बसतो, बाकीच्यांत बसत नाही. पुढे वाचत गेल्या तर अर्थांची यादी संपेचना. यातले किती अर्थ पाठ करायचे आणि सुरुवात कुठून करायची, हा त्यांचा प्रश्न.

ताई, एकही पाठ करू नका. मालवण, कुडाळ, वेंगुर्ला या पट्ट्यात मी कित्येक वर्षं बोलायचं इंग्रजी शिकवते. समोर बसणारे सगळे तुमच्यासारखे कामातले लोक: खोल्या चालवणारे, बोटवाले, गाइड, हॉटेलात लागलेली मुलं. यादी पाठ केलेला माणूस ऐन बोलताना अडतो, कारण समोर पाहुणा उभा असताना यादीतला बारावा अर्थ आठवत बसायला वेळ नसतो. ‘गेट’ला स्वतःचा असा अर्थ थोडाच आहे: आधी नव्हतं ते आता आलं, झालं किंवा गाठलं. बाकी सगळा अर्थ त्याच्या लगेच पुढे बसलेला शब्द ठरवतो. तिकडे बघायची सवय लावली की वरची सहाही वाक्यं सुटतात.

हे अवघड वाटत असेल तर आपलं ‘लागणे’ घ्या. भूक लागली, ठेच लागली, नोकरी लागली, लॉटरी लागली, डोळा लागला, झाडाला फणस लागले, पाऊस लागला, होडी किनाऱ्याला लागली. त्यातही ‘बोट धक्क्याला लागली’ आणि ‘मला बोट लागली’ या दोन वाक्यांत बोट तीच, लागणंही तेच, आणि अर्थांचा एकमेकांशी काही संबंध नाही. यातला एक तरी अर्थ आपण पाठ केला होता का? आपण काय लागलं ते बघतो आणि समजतो. मराठीत क्रियापद शेवटी येतं, म्हणून आपली नजर क्रियापदाच्या डावीकडे जाते. इंग्रजीत क्रियापद आधी येतं, म्हणून तिथे उजवीकडे बघायचं. दिशा तेवढी बदलायची, युक्ती तीच.

शब्दाचं मूळही या अर्थाशी जुळणारं आहे. ‘गेट’ मूळचा इंग्रजीतला नाही. उत्तरेकडचे नॉर्स दर्यावर्दी इंग्लंडच्या किनाऱ्यावर उतरले, तिथेच वस्ती करून राहिले, आणि त्यांच्या भाषेतला ‘गेटा’ हा शब्द इंग्रजीत शिरला. मिळवणे, गाठणे असा त्याचा अर्थ. सन १२०० च्या सुमारास तो इंग्रजी लिखाणात दिसू लागतो. त्याचंच सख्खं भावंड आधीपासून इंग्रजीत होतं, ते आज ‘फर्गेट’मध्ये उरलं आहे. मिळवणं आणि गाठणं, या दोन टोकांच्या मधे आजचा ‘गेट’ फिरतो.

आता उजवीकडे काय काय येतं ते बघू.

पुढे एखादी वस्तू आली तर काम सोपं: मिळणे, आणणे, घेणे यांतलं काहीतरी. ‘आय गॉट युअर मेसेज’ म्हणजे तुमचा मेसेज मिळाला. ‘वेअर कॅन वी गेट फ्रेश फिश?’ म्हणजे ताजी मासळी कुठे मिळेल. पण पुढे आधी माणूस आणि मग वस्तू असे दोन शब्द आले, तर अर्थ ‘त्या माणसासाठी आणून देणे, बघून देणे’ असा होतो. ‘कॅन यू गेट अस अ बोट?’ यात ‘अस’ म्हणजे आमच्यासाठी आणि मग बोट. पाहुणे विचारतायत की आमच्यासाठी बोट ठरवून द्याल का. ‘कॅन वी गेट अ बोट?’ असं म्हणाले असते तर बोट मिळते का, एवढंच विचारलं असतं. ठरवायचं काम तुमच्यावर टाकलं नसतं. एका ‘अस’ने काम कोणी करायचं ते बदलतं, म्हणून कान तिथे असू द्या.

या जागी मराठी माणसाचा पाय घसरतो तो दुसऱ्याच कारणाने. आपण ‘मला पत्र मिळालं’ म्हणतो. क्रियापद पत्राच्या मागे जातं: पत्र मिळालं, चिठ्ठी मिळाली, पैसे मिळाले. ज्याला मिळालं तो बिचारा ‘मला’ होऊन बाजूला बसतो. इंग्रजीत ज्याला मिळतं तो वाक्याचा मालक. म्हणून ‘मला’ला ‘टू मी’ करून जे वाक्य उभं राहतं ते कोसळतं. तिथे सरळ ‘आय’ घ्यायचा: ‘आय गॉट द लेटर’.

आणि इथूनच माझ्या मते मराठी माणसाला ‘गेट’ची खरी किल्ली मिळते. आपल्या किती वाक्यांची सुरुवात ‘मला’ने होते ते बघा, आणि त्यातली किती ‘आय गॉट’ने निघतात तेही बघा. मला सर्दी झाली, आय गॉट अ कोल्ड. मला बोट लागली, आय गॉट सीसिक. मला नोकरी लागली, आय गॉट अ जॉब. मला कंटाळा आला, आय गॉट बोअर्ड. मला समजलं, आय गॉट इट. मराठीत झाली, लागली, आला, समजलं अशी वेगवेगळी क्रियापदं, आणि पलीकडे एकच. म्हणजे ‘गेट’ला खूप अर्थ आहेत असं आपल्याला वाटतं, त्याचं एक कारण हे की आपण त्या एका कल्पनेसाठी अनेक क्रियापदं वापरतो. जिथे माणसाच्या बाबतीत काहीतरी घडलं, त्याच्यापाशी काहीतरी आलं, तिथे हा रस्ता चालतो. ‘मला आवडतं’ किंवा ‘मला वाटतं’ यांत काही नवं घडत नाही, तिथे ‘लाइक’ आणि ‘थिंक’ हेच.

यात एक खाच आहे. ‘मला भूक लागली’ हे आपण आत्ता, या क्षणी पोटात भूक असतानाही भूतकाळात बोलतो. इंग्रजीत आत्ताची भूक सांगायची तर ‘आय ऍम हंग्री’. ‘आय गॉट हंग्री’ म्हटलं की गोष्ट सांगितल्यासारखं होतं: किल्ला बघता बघता भूक लागली, मग खाली येऊन जेवलो. पाहुण्याचं मूल ‘आय ऍम हंग्री’ म्हणालं तर ताट वाढा, आई ‘ही गॉट हंग्री’ म्हणाली तर आधी पुढचं ऐका; बहुतेक त्याचं खाऊन झालेलं असेल.

पुढे विशेषण आलं की ‘गेट’ म्हणजे होणे. हा प्रकार नीट समजून घ्यावा, कारण तुमच्या धंद्यात त्याच्यावर माणसांची सुरक्षितता अवलंबून असते. ‘इज’ म्हणजे आहे आणि ‘इज गेटिंग’ म्हणजे होत चाललं आहे. ‘इट इज डार्क’, अंधार आहे. ‘इट इज गेटिंग डार्क’, अंधार पडत चाललाय. देवबागला कर्ली नदी समुद्राला मिळते तिथे बोटी फिरवणारे एक दादा माझ्या वर्गाला येत. दुपारनंतर समुद्राकडून वारा वाढतो, पाणी उसळायला लागतं, आणि पाहुणे अजून थोडं पुढे जाऊया म्हणून मागे लागतात. दादा म्हणायचे, ‘सी इज रफ’. पाहुणे बाजूच्या पाण्याकडे बघायचे. पाणी तर अजून बरं दिसतंय. मग त्यांना वाटायचं, याला लवकर परतायचंय. दादांना सांगायचं होतं की समुद्र खवळायला लागलाय. आम्ही ते वाक्य ‘द सी इज गेटिंग रफ, वी शुड गो बॅक नाउ’ असं करून घेतलं आणि तेवढंच पुन्हा पुन्हा घोटलं. आत्ता ठीक दिसतंय, पण बिघडत चाललंय, हे ‘गेटिंग’ सांगतं. पुढच्या आठवड्यात दादा सांगत आले की आता पाहुणे वाद घालत नाहीत, उलट विचारतात, ‘हाउ फास्ट?’

‘वेट’, ‘टायर्ड’, ‘अँग्री’, ‘कोल्ड’, ‘बेटर’, ‘वर्स’ यांच्या मागे ‘गेट’ रोज लागतो. पाहुणा ‘माय सन इज गेटिंग बेटर’ म्हणाला तर मुलाला उतार पडतोय. ‘ही इज बेटर’ म्हणाला तर आता बराच बरा आहे. पण प्रत्येक ‘होणे’ म्हणजे ‘गेट’ नव्हे. तो डॉक्टर झाला याचं ‘ही गॉट अ डॉक्टर’ केलंत तर त्याने डॉक्टर मिळवला, बोलावून आणला असा अर्थ होईल, कारण पुढे नाम आलं की आपण पुन्हा मिळण्यावर पोहोचलो. तिथे ‘ही बिकेम अ डॉक्टर’. बिघडण्याच्या बाबतीतही इंग्रजी वेगळं क्रियापद घेतं. मासळी खराब झाली हे ‘द फिश वेंट बॅड’, दूध नासलं हे ‘द मिल्क वेंट सावर’. खाण्याचा पदार्थ वाया जायच्या वाटेला लागला की ‘गो’ बोलावं. आंबे पिकायला लागलेत याला मात्र ‘द मँगोज आर गेटिंग राइप’ चालतं. तिथे काही बिघडत नाही.

पुढे क्रियापदाचं तिसरं रूप आलं तर? ‘गॉट टॉर्न’, ‘गॉट स्टक’, ‘गॉट कॅन्सल्ड’, ‘गॉट लॉस्ट’. हे आपल्याला अवघड जाऊ नये, कारण मराठीत याची तयार जोडी आहे: फाडणे आणि फाटणे, तोडणे आणि तुटणे, फोडणे आणि फुटणे, अडकवणे आणि अडकणे. जाळं फाडलं म्हटलं की कोणीतरी फाडलं. जाळं फाटलं म्हटलं की ते फाटलं, कोणी फाडलं ते बोलायचं नाही. इंग्रजीत ‘ही टोअर द नेट’ म्हणजे फाडलं आणि ‘द नेट गॉट टॉर्न’ म्हणजे फाटलं. पाहुण्यांच्या हातून खोलीतला आरसा फुटला तर तुम्ही ‘यू ब्रोक द मिरर’ म्हणाल का? ‘द मिरर गॉट ब्रोकन’ म्हणा. झालेली गोष्ट सांगितली जाते आणि बोट कोणाकडे दाखवलं जात नाही. पैसे मागायचे असतील तर ते पुढच्या वाक्यात मागता येतातच.

‘वी गॉट लॉस्ट’ यातलंच. आम्ही रस्ता चुकलो, इतकंच. एका मुलीने मला विचारलं होतं की पाहुणी ‘गेट लॉस्ट’ असं का म्हणाली, मी काय केलं होतं? पाहुणी म्हणाली होती, ‘इट इज ईझी टू गेट लॉस्ट हिअर’, म्हणजे इथल्या माडांच्या वाड्यांतून माणूस सहज वाट चुकतो. आज्ञेसारखं नुसतंच ‘गेट लॉस्ट!’ म्हटलं तर ‘चालता हो’. पुढेमागे दुसरे शब्द असतील तर रागाचा काही संबंध नाही.

आता करून घेण्याचा प्रकार. हा मला सगळ्यांत आवडतो, आणि बहुतेक मराठी शिकणारे तो वापरतच नाहीत. पावसाआधी आपण घर शाकारून घेतो, कौलं परतून घेतो. स्वतः वर चढत नाही, माणसं लावतो. ‘वी रिपेअर द रूफ बिफोर द रेन्स’ म्हटलं तर तुम्ही स्वतः शिडीवर चढलेल्या दिसता. ‘वी गेट द रूफ रिपेअर्ड बिफोर द रेन्स’ म्हटलं की करून घेतो. क्रम लक्षात ठेवा: ‘गेट’नंतर आधी वस्तू, मग काम. ‘गॉट रिपेअर्ड द रूफ’ असं आपल्याकडे सर्रास बोललं जातं, ते चूक आहे. आणि क्रम लक्षात ठेवायला वेगळे कष्ट नकोत, कारण मराठीत तोच आहे: आधी ‘छप्पर’, मग ‘दुरुस्त करून’. तसंच ‘आय विल गेट युअर क्लोद्स वॉश्ड’, तुमचे कपडे धुऊन घेते; ‘आय विल गेट द एसी चेक्ड’, एसी बघून घ्यायला सांगते. तुमचं रोजचं अर्धं बोलणं याच साच्यातलं आहे.

गाइडांना मी यातलाच एक फरक आवर्जून सांगते. सिंधुदुर्गाबद्दल बोलताना बरेच जण ‘शिवाजी महाराज बिल्ट धिस फोर्ट’ म्हणतात. इंग्रजीत राजाबद्दल असं म्हटलेलं चालतं. पण महाराजांनी १६६४ मध्ये कुरटे बेटावर काम सुरू करवलं आणि १६६७ मध्ये किल्ला पुरा झाला, हे सांगताना ‘बांधवून घेतला’ची छटा आणायची असेल तर ‘हॅड द फोर्ट बिल्ट’ म्हणावं. ‘गॉट’ इथे व्याकरणात बसतो, पण घरगुती वाटतो. प्लंबर बोलावून नळ दुरुस्त करून घेतल्याचा सूर लागतो. इतिहासाच्या बोलण्यात ‘हॅड’, घरच्या कामात ‘गॉट’.

माणसाकडून काम करून घ्यायचं असेल तर माणूस, मग ‘टू’, मग काम: ‘आय गॉट द ड्रायव्हर टू वेट’, ड्रायव्हरला थांबायला राजी केलं. ‘आय मेड द ड्रायव्हर वेट’ यात जबरदस्ती आहे आणि ‘टू’ नाही. ‘गॉट’मध्ये सांगून, समजावून, थोडं गोड बोलून काम करून घेतल्याचा भाव असतो. तुमच्या व्यवसायात बहुतेक वेळा तोच खरा असतो.

किल्ल्यावर कसं जायचं, हा प्रश्न राहिलाच. पुढे ‘टू’ आणि जागा आली की ‘गेट’ म्हणजे पोहोचणे. ‘गो’ आणि ‘गेट’ यांत फरक असा की ‘गो’ला निघणं पुरतं, ‘गेट’ला पोहोचावं लागतं. म्हणून रस्ता विचारताना ‘हाउ डू वी गेट टू द फोर्ट?’, आणि उत्तरही त्याच क्रियापदाने देता येतं: ‘यू गेट देअर बाय बोट फ्रॉम मालवण जेटी’. ‘हिअर’, ‘देअर’ आणि ‘होम’ यांच्याआधी ‘टू’ लावायचा नाही. ‘व्हेन डिड यू गेट होम?’ बरोबर, ‘गेट टू होम’ नाही.

चढण्या-उतरण्याचे छोटे शब्द मात्र खरोखर लक्षात ठेवावे लागतात. ज्या वाहनात उभं राहता येतं, चालता येतं, त्यात ‘ऑन’ आणि ‘ऑफ’: बस, रेल्वे, विमान, दाभोळ-धोपावेची गाड्या नेणारी फेरी. ज्यात वाकून शिरावं आणि बसूनच राहावं लागतं, त्यात ‘इन’ आणि ‘आउट ऑफ’: कार, रिक्षा, लहान होडी. म्हणून तुमचा बोटवाला पाहुण्यांना छोट्या होडीत घेताना ‘गेट इन, वन बाय वन’ म्हणेल, आणि फेरीवर गाडी चढवणारा माणूस ‘गेट ऑन’ म्हणेल. मोटरसायकल, सायकल, घोडा यांच्या पाठीवर बसायचं असतं, तिथे ‘ऑन’. आपल्याकडे बसमधून उतरायला ‘गेट डाउन’ म्हणतात. भारतभर ते समजतं आणि त्याला हसायचं कारण नाही. पण परदेशी पाहुण्याच्या कानाला ‘गेट डाउन’ म्हणजे झाडावरून, भिंतीवरून खाली उतर असं लागतं. कधी खाली वाक असंही. त्याच्याशी बोलताना ‘गेट ऑफ’ ठेवा.

असे जोडशब्द आणखी पुष्कळ आहेत. ‘गेट अप’ उठणे, ‘गेट बॅक’ परतणे, ‘गेट थ्रू’ फोन लागणे, ‘गेट ओव्हर’ आजारातून किंवा दुःखातून सावरणे, ‘गेट अलाँग’ पटणे. हे एकेक करून ऐकत शिकावेत. एका बैठकीत पंचवीस पाठ केले की सगळे एकमेकांत मिसळतात. काही तर मराठीत कधीच येऊन राहिलेत. दशावतारी नटाच्या वेशाला आपण ‘गेटअप’ म्हणतो आणि शाळेच्या जुन्या मुलांचं ‘गेट टुगेदर’ भरवतो, तेव्हा इंग्रजी बोलतोय असं कोणाला वाटतही नाही.

डॉल्फिनचं वाक्य अजून राहिलंय, आणि सगळ्यांत जास्त घोटाळा तिथेच होतो. ‘वी गॉट टू सी डॉल्फिन्स’ म्हणजे आम्हाला डॉल्फिन बघायला मिळाले. आपलं ‘बघायला मिळणे’ जसंच्या तसं. पण ‘वी हॅव गॉट टू गो’ म्हणजे आम्हाला जावं लागणार. एका ‘हॅव’ने संधीची सक्ती होते. बोलताना हा ‘हॅव’ इतका बारीक होतो की ‘वी’व्ह गॉट टू गो’ असा ऐकू येतो, कधी तेवढाही राहत नाही. तेव्हा चेहरा आणि प्रसंग बघा. सामान भरून दारात उभा असलेला माणूस ‘गॉट टू गो’ म्हणाला तर त्याला जायला मिळालेलं नाही, जावं लागतंय.

याच ‘हॅव गॉट’चा आणखी एक उपयोग इंग्लंडचे पाहुणे सतत करतात: ‘हॅव यू गॉट अ रूम विथ अ सी व्ह्यू?’ इथे मिळण्याचा काही संबंध नाही, ‘आहे’ एवढाच अर्थ. ‘येस, वी हॅव’ किंवा ‘येस, वी डू’ यांतलं कुठलंही उत्तर समजतं, घाबरू नका. अमेरिकन माणूस ‘आय’व्ह गॉटन’ म्हणेल. ते चूक नाही. त्यांच्याकडे मिळालं किंवा झालं या अर्थी ‘गॉटन’ चालतं आणि जवळ आहे या अर्थी ‘गॉट’. इंग्लंडमध्ये दोन्हीकडे ‘गॉट’. तुम्ही ‘गॉट’च धरा, सगळीकडे चालेल.

‘गॉट इट’बद्दल एक सूचना. पाहुणा ‘गॉट इट’ म्हणतो तेव्हा समजलं म्हणतो, छान. तुम्ही पाहुण्याला ‘गॉट इट?’ असं विचारू नका. मोठ्याने लहानाला ‘कळलं ना?’ विचारल्यासारखं ते लागतं. ‘इज दॅट ओके?’ म्हटलं तर मान राहतो.

उच्चारही बघू, कारण मराठीत आपण फाटकाला ‘गेट’ लिहितो आणि या क्रियापदालाही ‘गेट’च लिहितो. इंग्रजीत ते दोन वेगळे आवाज आहेत. क्रियापदातला ‘ए’ आखूड, तोडून टाकलेला. फाटकातला लांब, शेवटी ‘इ’कडे झुकणारा, ‘गेइट’ म्हणावं असा. ‘गेट द गेट’ हे वाक्य दहा वेळा मोठ्याने म्हणा. अर्थ ‘फाटक उघड’ किंवा ‘फाटकाचं तेवढं बघ’ असा होतो, आणि दोन्ही आवाज शेजारीशेजारी जिभेवर येतात. शेवटचा ‘ट’ पुढच्या स्वराला चिकटतो, म्हणून ‘गेट अप’ हे ‘गेटप’ ऐकू येतं आणि ‘गेट इट’ हे ‘गेटिट’.

लिहिताना मात्र ‘गेट’ला थोडं आवरावं. बोलण्यात आणि व्हॉट्सऍपवर तो शोभतो. बँकेला अर्ज, बुकिंग कंपनीला तक्रार, सरकारी कागद, इथे त्याच्या जागी ठाशीव शब्द घ्यावेत: मिळण्याला ‘रिसीव्ह’, मिळवण्याला ‘ऑब्टेन’, होण्याला ‘बिकम’, पोहोचण्याला ‘अराइव्ह’ किंवा ‘रीच’. जहाजांच्या रेडिओवर तर नेमके ठरलेले शब्द लागतात. मदत हवी असेल तर ‘आय रिक्वायर असिस्टन्स’ म्हणतात, म्हणजे कुठल्याही देशाच्या खलाशाला त्याचा एकच अर्थ लागतो. तुमच्या गावातली मुलं बोटीवर नोकरीला लागत असतील तर त्यांना हे आत्ताच सांगून ठेवा.

तुम्ही प्रश्नाबरोबर एका पाहुण्याचा मेसेजही पाठवला होता: रेल्वेने येतोय, कुठे उतरायचं, पुढे कसं यायचं, आगाऊ रक्कम पोहोचली का. त्याचं उत्तर असं लिहा: ‘वी हॅव रिसीव्ह्ड युअर ऍडव्हान्स, थँक यू. प्लीज गेट ऑफ ऍट कुडाळ. देअर इज नो रेल्वे स्टेशन इन मालवण. आय कॅन गेट यू अ कार फ्रॉम द स्टेशन. कॉल मी व्हेन यू गेट देअर.’ पैशाच्या वाक्यात ‘रिसीव्ह्ड’ ठेवलंय, कारण ती पावती आहे आणि उद्या हिशेबाला लागेल. बाकी तीन ‘गेट’ उतरण्याचा, बघून देण्याचा आणि पोहोचण्याचा. प्रत्येकाच्या उजवीकडचा शब्द तुम्हीच तपासा. गाडी कणकवलीलाच थांबणारी असेल तर तेवढं एक नाव बदला.